सुरेश, तुझ्या बायकोला सांग

आटपाट नगर होतं, नगराचं नाव मानखुर्द. नगरात सात मजली बिल्डिंग, बिल्डिंगीत एक खोली, खोलीत एक सासू आणि एक सून. सासूचं नाव कौसल्या, सुनेचं वंदना. दोघींच्या मधे भिंतीवर एक फोटो. तो सुरेश. एकीचा मुलगा, दुसरीचा नवरा. मुलुंडच्या एका सोसायटीत संडासाची टाकी साफ करायला उतरला, तो वर आला नाही. कहाणीत अशा वेळी देव वेष पालटून दाराशी येतो. आमच्याकडे माझी नात आली, पाठीला बॅग लावून!

मी शेजारची. मला सगळे आक्का म्हणतात. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण ऐकलेलं विसरत नाही. ही देणगी म्हणा, नाहीतर शिक्षा म्हणा. हे मी बोलतेय आणि नात टाइप करतेय, मधेच "आज्जी, हळू" म्हणतेय.

नात म्हणजे ऋतुजा, धाकट्या लेकाची मुलगी. राहते मुलुंडला, आईबापाजवळ. पीएचडी करते. विषय काय, तर टाकीत उतरून मेलेल्या माणसांच्या घरी जायचं आणि घरच्यांशी बोलायचं. मी म्हटलं, "अगं, तुझ्या वयाच्या पोरी लग्नघरी जातात!" तर म्हणाली, "आज्जी, मी एकटी गेले की लोक बोलत नाहीत. तू नुसती बाजूला बस." तेव्हापासून मी बाजूला बसते.

कौशीच्या, म्हणजे कौसल्येच्या घरी टिकल्यांचं काम चालतं. कार्डावर टिकल्या चिकटवायच्या, कार्डं पाकिटात भरायची. तिच्याकडे तासभर बसून आलं की घरी कळतं, एक टिकली कोपराला आहे, एक कानामागं, एक थेट तळपायाला. हे किस्से तसेच आहेत. मी काही गोळा करायला गेले नव्हते. झाडले तरी चिकटून आले.

*

पहिला घाटकोपरचा. तिथं एका घरी मुलगा जाऊन फार दिवस झाले नव्हते. आई भिंतीला टेकून बसलेली. ऋतुजानं चांगलं विचारलं, हळू विचारलं. ती बाई थोडं बोलली, थोडं नाही.

आता आपल्यात निघताना कुणी "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतात. पण मयताच्या घरून निघताना तेही म्हणायचं नसतं. मुकाट्यानं उठायचं, चपला घालायच्या, चालू लागायचं. हे मी पोरीला सांगायचं विसरले, कारण हे सांगायचं असतं हेच कधी डोक्यात आलं नाही.

ऋतुजाला तिच्या आईनं वळण लावलेलं. उठली, हात जोडले आणि म्हणाली, "येते हं मावशी. मी पुन्हा येईन."

त्या बाईनं तिच्याकडं नीट पाहिलं.

"पुन्हा कशाला गं? आता एकच राहिलाय माझा."

*

ऋतुजाच्या आधी आमच्या बिल्डिंगीत दुसरी एक सर्व्हेवाली येऊन गेली होती. कौशीच्या दारात उभी राहून भराभरा विचारायची. घरात किती माणसं, पाणी किती वाजता, गॅस आहे का. तेवढं झाल्यावर म्हणाली, "मावशी, तुमचं दुःख एक ते पाचमध्ये किती? एक म्हणजे कमी, पाच म्हणजे जास्त."

कौशी मूळची जालन्याकडची, शांत बाई. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पाच म्हंजी मेल्यावानी, का मरायचं राहिल्यावानी?"

ती पोरगी मोबाईलवर बोट धरून उभीच राहिली. शेवटी म्हणाली, "मावशी, मी चार टाकते."

"टाक," कौशी म्हणाली. "एक उद्यासाठी ठेव."

*

मग ऋतुजा आली. तिच्या कॉलेजात शिकवतात की मुलाखत शांत जागी घ्यावी, समोरासमोर बसून, मधे कुणी येऊ नये. तिनं माझ्याकडच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या कौशीच्या खोलीत नेल्या. वंदनाला बाहेर पाठवलं. दार लोटलं. कौशीला एका खुर्चीवर बसवलं, समोर आपण बसली, मधे मोबाईल.

"मावशी, सुरेशबद्दल सांगा ना."

कौशी ताठ बसली. दोन्ही हात गुडघ्यावर. "नाव सुरेश. राहणार मानखुर्द. दारू पीत नव्हता. कुणाशी वैर नव्हतं. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही."

ऋतुजाला कळेना. मला कळलं. सुरेश गेला त्या दिवशी पोलीस चौकीत तिला अशाच खुर्चीवर बसवलं होतं, दार लोटलं होतं, मधे कागद होता. खुर्चीनं तिच्या तोंडातून तेच काढलं!

खुर्च्या मी परत नेल्या. दुसऱ्या दिवशी ऋतुजा खाली फरशीवर बसली आणि टिकल्या चिकटवायला लागली. कौशीच्या हातात काम आलं तसं तिचं तोंड सुटलं. सुरेश लहानपणी मातीचे बैल करून विकायचा, इथपासून सुरू झाली. आमच्याकडच्या बायकांचं असंच आहे. रिकाम्या हातानं बसवलंत तर जबानी मिळेल, गोष्ट नाही मिळणार.

त्याच दिवशी चिकटवता चिकटवता कौशीनं पाकिटांच्या ढिगाकडं पाहिलं आणि म्हणाली, "बघ आक्का! दोन रांडमुंड बाया साऱ्या मुंबईला कुंकू लावतोय!"

हसावं की काय करावं, आम्हाला कळेना. वंदना तेवढी मोरीकडं तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मला अजून माहीत नाही.

*

आता फोटोचं सांगते.

सुरेश गेल्यापासून ह्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक खोली, एक गॅस, एक मोरी, पण शब्द नाही. बरं, संसार म्हटला की निरोप लागतातच. पाणी गेलं, दूध नासलं, टिकलीवाला शेठ आला. मग दोघींनी एक वाट काढली. जे सांगायचं ते फोटोला सांगायचं.

"अहो, तुमच्या आईला सांगा, गॅस संपत आलाय."

"सुरेश, तुझ्या बायकोला सांग, मला दिसतंय."

"अहो, तुमच्या आईला सांगा, दिसतंय तर नंबर लावा म्हणावं."

दोघी फोटोकडं बघून बोलणार, आणि सुरेश आपला हार घालून मधे हसतोय!

ऋतुजानं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, बायको आणि आई अजून त्याच्याशी बोलतात! घरी जाऊन तिनं सगळं टाइप केलं आणि मॅडमना पाठवलं. मॅडम म्हणजे तिच्या गाईड. मोठी बाई, केस पांढरे, चष्मा दोरीला. मॅडमना फार आवडलं. मेलेल्या माणसाशी नातं कसं चालू राहतं, शोक करायची ही केवढी सुंदर रीत! त्याला त्यांनी इंग्रजीत एक लांब नाव दिलं आणि कुठल्याशा हॉलमध्ये वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

ऋतुजा मला हे कौतुकानं सांगायला आली. मी कपाळाला हात लावला.

"अगं बये, ते भांडण आहे! अबोला आहे तो!"

तिकडं हॉलमध्ये टाळ्या पडत होत्या तेव्हा इकडं मानखुर्दला गॅस संपलेला होता.

*

ऋतुजाची एक पद्धत आहे. कुणी जे बोललं ते टाइप करून त्याच माणसाला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, बरोबर आहे का. मला ही पद्धत आवडते. कोर्टात पण असं करत नसतील.

वंदनाला वाचून दाखवायला बसली. वंदना टिकल्या लावत ऐकत होती. मधेच तिचा हात थांबला.

"हा रमेश कोण?"

ऋतुजा म्हणाली, "ताई, आम्ही सगळ्यांची नावं बदलतो. तुम्हाला कुणी त्रास देऊ नये म्हणून. नियम आहे."

वंदना जालन्याकडचीच. त्यांच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यात सुरेश गेल्यावर ठेकेदारानं हात वर केले होते. म्हणाला, "असा कुणी माणूस आमच्याकडं कामालाच नव्हता." त्याच्या कुठल्या कागदावर सुरेशचं नाव निघालं नाही.

वंदनानं कार्ड खाली ठेवलं.

"मी त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. तुझ्या मोबाईलमधी पहिल्यांदा घेतलं, मुद्दाम. ठेकेदारानं लिहिलं नाही, आणि तू लिहून खोडलं?"

ऋतुजाचं तोंड एवढंसं झालं. "ताई, नियम तुमच्या भल्यासाठी..."

"मग माझं बदल ना. मी जिती आहे, मला दुसरं नाव चालंल."

म्हणून इथं सुरेशचं नाव खरं आहे. बाकी आम्हा सगळ्यांची मी बदललीत, माझंसुद्धा.

*

त्या खोलीत एकीचं बोलणं दुसरीला ऐकू गेल्याशिवाय राहत नव्हतं. म्हणून खरी मुलाखत माझ्या घरी झाली, एकेकीची वेगळी. मी ओट्यापाशी भाजी निवडत होते. मॅडमनी मलाही फोनवर बजावून ठेवलं होतं, "आज्जी, इथलं तिथं नाही हं करायचं." मी म्हटलं, "शब्द दिला."

दिला, आणि फसले!

आधी कौशी आली. सुरेश गेला ती सकाळ तिनं सांगितली. "सुट्टी होती त्याला. झोपला होता. ठेकेदाराचा फोन आला म्हणून म्या हलवलं. म्हणला, झोपू दे ना गं आई. म्या म्हणलं, ऊठ, काम काय रोज दार ठोठावत नाही. अंगावरची चादर ओढली त्याच्या."

मग पदराचं टोक पिळत बसली. ऋतुजानं मधे काही विचारलं नाही. चांगलं केलं.

"वंदना बोलत नाही माझ्याशी," कौशी म्हणाली. "बोलू बी नये. मी तिच्या जागी असते तर मी थुंकले बी नसते सासूच्या तोंडावर."

चार दिवसांनी वंदना आली. त्याच जागी बसली.

"आत्या माझ्याशी बोलत नाहीत, बरोबरच आहे," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणते. "फोन मी उचलला होता. ठेकेदार म्हणला, आहे का घरी? मी म्हणले, आहेत, देते. नाहीत म्हणले असते तर? एक खोटं बोलायचं होतं. जिंदगीत तेवढं एक."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. दोघी त्या सकाळी एकाच खोलीत होत्या. फोन कुणी उचलला, चादर कुणी ओढली, दोघींनी डोळ्यांनी पाहिलेलं. तरी एकीला आपली चादर तेवढी दिसत होती आणि दुसरीला आपला फोन. आणि दोघींना वाटत होतं, समोरची मला खुनी समजते!

वंदना गेल्यावर मी ऋतुजाला धरलं. "जा, सांग एकीचं एकीला! आत्ता जा!"

"आज्जी, नाही सांगता येत. शब्द दिलाय आपण."

"वंदनाचा भाऊ येतोय जालन्याहून. वर्षाचा कार्यक्रम झाला की वंदनाला घेऊन जाणार कायमची. कौशी एकटी भिंतीशी बोलत बसेल!"

ऋतुजा रडकुंडीला आली. "मी सांगितलं तर पुन्हा कुठलीच बाई माझ्याशी खरं बोलणार नाही."

"म्हणजे तुझा शब्द राहील," मी म्हटलं, "बाया नाही राहायच्या."

बोलले खरी, पण सांगितलं मीही नाही. माझ्या एका कानात सासू, एका कानात सून, आणि मधे मी तोंड शिवून. भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं, "सुरेश, तुझ्या बायकोला सांग, दूध उतू चाललंय."

*

मग एक दिवस मॅडम स्वतः मानखुर्दला आल्या. फोटोबद्दल आपण चुकीचं वाचलं हे त्यांना ऋतुजानं सांगितलं होतं. मला वाटलं, एवढी शिकलेली बाई, रागावेल. त्यांनी माझ्याकडं चहा घेतला आणि म्हणाल्या, "आज्जी, मी शोक बघायला गेले होते, म्हणून मला शोकच दिसला."

मी म्हटलं, "आणि मला भांडण दिसलं, कारण मी पण सासू आहे!"

त्या हसल्या. म्हणाल्या, "कुणी कुणाकडं कोरं जात नाही. मनात आधीचं काहीतरी असतंच. ते आपल्याजवळ आहे एवढं कळलं पाहिजे, आणि वेळ आली की सोडायची तयारी पाहिजे." मग ऋतुजाकडं वळल्या. "ज्याला उत्तर आधीच माहीत असतं, तो विचारत नसतो गं, तपासत असतो. खरं बोलणं कुणी चालवत नाही. आपण त्यात सापडतो. कुठं जाऊन थांबेल ते दोघांनाही माहीत नसतं."

ऋतुजा म्हणाली, "मग मी तयारी काय करू मॅडम?"

"तुला विचारलं तर खरं सांगायची तयारी कर."

"मला कोण विचारणार?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "हाच तर घोटाळा आहे. आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून आपण आरामात विचारत बसतो."

निघताना त्या दारात थांबल्या. येते म्हणावं की नाही, ह्या विचारात पडल्या होत्या. ऋतुजानं त्यांना घाटकोपरचं सांगितलं असणार. मी म्हटलं, "माझ्याकडं म्हणा खुशाल, माझ्याकडचे जायचे ते कधीच जाऊन बसलेत!"

*

आता शेवटचा.

सुरेशचा वर्षाचा कार्यक्रम जवळ आला. बौद्ध माणसं, पुण्यानुमोदन म्हणतात त्याला. भंतेजी येणार, गावाकडची मंडळी येणार. म्हणून कौशीनं सुरेशचा फोटो नवीन फ्रेम घालायला दुकानात दिला.

फोटो गेला आणि घरातलं बोलणंच बंद झालं! भिंतीवर नुसता खिळा. दूध उतू गेलं तरी दोघी बघत बसायच्या. निरोप द्यायचा कुणाला?

अशा दिवसांत ऋतुजा आली. मोबाईल बॅगेतून काढलासुद्धा नाही. फरशीवर बसली, कार्ड घेतलं, टिकल्या लावायला लागली. तिच्या टिकल्या अजूनही तिरक्या जातात. मी दाराशी, कौशी खिडकीखाली, वंदना मोरीपाशी.

एकदम वंदना म्हणाली, "ऋतुजा, तू का गं हे विचारत फिरतेस? तुझं कोण गेलंय?"

ऋतुजा नेहमीचं बोलायला लागली. "ताई, ह्या घटना समाजासमोर याव्यात, लोकांना कळावं..."

"ते कागदावरचं झालं. तुझं सांग."

ऋतुजाचा हात थांबला. माझ्याकडं तिनं पाहिलं. मी मान खाली घातली. मला वाटलं, हे हिचं हिनंच करायला पाहिजे.

"आमच्या सोसायटीत पण टाकी साफ करायला माणसं येतात," ती म्हणाली. "तुमच्यासारखीच. लहानपणापासून येतायत. आणि ती आली की मी खिडकी लावून घेते. वास येतो म्हणून. सुरेशदादांची बातमी कळली त्याच्या आदल्या आठवड्यातच ती माणसं आली होती. मी खिडकी लावून अभ्यास करत होते. बातमी वाचली आणि मी त्यांची तोंडं आठवायला बसले. एकाचं पण आठवेना. तेव्हापासून फिरतेय."

मुलुंडला गेले की मी त्याच खिडकीत बसून चहा पिते. वाटलं, आता वंदना हिला हाकलणार.

वंदनानं तिच्या हातातलं कार्ड घेतलं, तिरकी टिकली नखानं काढली, सरळ लावली.

"तोंड कसं आठवंल?" ती म्हणाली. "वरनं माणसाचं डोकंच दिसतं."

मग कार्डाकडंच बघत वंदना म्हणाली, "तू खिडकी लावली. मी फोन उचलला. आहेत म्हणले. नाहीत म्हणायचं होतं."

खिडकीखालून कौशीचा आवाज आला. ती रिकाम्या खिळ्याकडं बघून बोलत होती.

"चादर म्या ओढली. झोपू दे म्हणत होता लेकरू. म्या ओढली."

एवढंच. मी वाट बघत होते की आता एक दुसरीला म्हणेल, तुझी काय चूक. कुणीच म्हटलं नाही. एकमेकींकडं पाहिलंसुद्धा नाही. नळाला पाणी आलं, वंदना बादली लावायला उठली, कौशीनं पाकिटं मोजायला घेतली. ऋतुजा आणि मी निघालो. "येते" कुणीच म्हटलं नाही.

जिन्यात ऋतुजानं मॅडमना फोन लावला. "मॅडम, रेकॉर्डिंग नाही. माझा एक पण प्रश्न झाला नाही. उलट मीच बोलले."

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "मग बहुतेक झालं बोलणं."

कार्यक्रम झाला. भंतेजींनी गाथा म्हटल्या, लोक जेवून गेले. नव्या फ्रेममधला सुरेश पुन्हा खिळ्यावर आला, काच इतकी चकचकीत की समोरच्या खिडकीतलं आभाळ त्याच्या छातीवर दिसायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी वंदनाचा भाऊ बॅग खांद्याला लावून दारात उभा. जालन्याची गाडी होती. वंदनानं लुगडी पिशवीत भरलेली, पायात चपला घातलेल्या. निरोप द्यायला मी आणि ऋतुजा गेलो होतो.

सासू-सून अजूनही गप्पच. माझ्या मनात आलं, एवढं सगळं होऊन काय झालं? ती चाललीच.

कौशी हातात एक जुनी शाल घेऊन उभी होती. ती वंदनाकडं गेली नाही. सवयीनं भिंतीकडं वळली, फोटोकडं बघून म्हणाली, "सुरेश, तुझ्या बायकोला सांग, गाडीत थंडी वाजती, शाल..."

वंदनानं पायातली चप्पल काढली. परत आत आली. फोटोच्या आणि सासूच्या मधे येऊन उभी राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "झोपू द्या त्यांना. मला सांगा."